गटार तुमच्या घरचं, उतरायचं कोणी?

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. "मागचं चेंबर भरलंय, वास मारतोय, कोणीतरी माणूस बघा." नळ गळत असेल तर "प्लंबर बघा" म्हणतात. लाइट गेली तर "वायरमन बोलवा" म्हणतात. गटार तुंबलं की मात्र नुसता "माणूस". त्याच्या कामाला नाव द्यायचं झालं तर जात ओठावर येते, आणि "आम्ही जातपात मानत नाही" असं त्याच ग्रुपवर दर 14 एप्रिलला लिहिलेलं असतं.

हा लेख घरच्या गटाराबद्दल आहे. स्वयंपाकघरातल्या मोरीपासून अंगणातल्या चेंबरपर्यंत आणि तिथून सेप्टिक टँकपर्यंत. विषय वाचून काही मित्र नाक मुरडतील. उपवर्गीकरणाचा प्रश्न पेटलाय, शिष्यवृत्त्या अडकल्यात, अॅट्रॉसिटीचे खटले वर्षानुवर्षं कोर्टात पडून आहेत, आणि हे गटार घेऊन बसले! आमचं म्हणणं एवढंच आहे की जे घर आपलं गटार सांभाळत नाही, ते घर कुणाच्या तरी शरीराच्या भरवशावर निर्धास्त असतं. तो कुणीतरी कोणत्या जातीचा असणार, हेही आधीच ठरलेलं असतं. हे या देशातलं सगळ्यात जुनं आरक्षण. त्याच्या विरोधात मोर्चा निघालेला आम्ही तरी पाहिला नाही.

आकडा हवा असेल तर सरकारचाच घ्या. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत शहरांतल्या गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांची नोंदणी झाली. 2024 मध्ये पुढे आलेल्या माहितीनुसार सुमारे 38 हजार कामगारांपैकी 68.9 टक्के अनुसूचित जातींचे होते. अनुसूचित जमाती आणि ओबीसी धरले तर हे प्रमाण 92 टक्क्यांच्या आसपास जातं. गुणवत्तेवर प्रवचनं देणारे या आकड्यापाशी आले की गप्प होतात.

आता गटार तुंबतं कसं ते पाहू, कारण "तुंबलं" हे क्रियापद फार सोयीचं आहे. त्यात कर्ताच नसतो. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतलं जातं. गरम असताना ते वाहतं, पाइपात थंड झालं की थिजतं आणि आतून थर धरतं. त्या थराला उष्ट्या भाताची शितं चिकटतात, चहाचा चोथा चिकटतो, केसांचे पुंजके चिकटतात. संडासात सॅनिटरी पॅड, डायपर, गुटख्याच्या पुड्या टाकल्या जातात. मोरीची जाळी तुटली तर बाजारात ती चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळते, पण सहा-सहा महिने बसवली जात नाही. फ्लॅटचं काम काढलं की मिस्त्री उरलेला सिमेंटचा राडा त्याच पाइपात धुऊन टाकतो. मग पार्किंगला नव्या फरश्या बसवताना चेंबरचं झाकणसुद्धा फरशीखाली जातं. दहा वर्षांनी सेक्रेटरी विचारतो, चेंबर नक्की आहे कुठे?

गच्चीचंही तेच. पन्हाळीत पानं अडकली की पावसाचं स्वच्छ पाणी साचतं, आणि डेंग्यूच्या डासाला असंच पाणी लागतं. कित्येक इमारतींत गच्चीचा पाइप गुपचूप ड्रेनेजच्या लाइनला जोडलेला असतो. मग एका जोराच्या सरीत रस्त्यावरचं चेंबर उसळतं आणि खालच्या वस्तीत मैल्याचं पाणी शिरतं. वरच्या इमारतीचा कर्ता तिथेही सापडत नाही.

सेप्टिक टँकला आपल्याकडे सर्रास 'सेफ्टी टँक' म्हणतात. उच्चारातली चूक म्हणून हसू नका. घरमालकाच्या दृष्टीने ती सेफ्टीच असते. घाण डोळ्यांआड गेली, झाकण लागलं, सुटलो! आत काय चाललेलं असतं? मैला तळाशी बसतो, हवेशिवाय कुजतो, आणि त्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणून लोकांना वाटतं की वास आला तर कळेलच. पण प्रमाण वाढलं की हाच वायू नाकाची वास घेण्याची शक्ती मारतो. वास गेला म्हणून माणूस निर्धास्तपणे आणखी एक पायरी उतरतो. हवेपेक्षा जड असल्याने हा वायू खालीच साचून राहतो. पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. बातमीत एकाच वेळी तीन-तीन, चार-चार मृत्यू का असतात, याचं हे उत्तर आहे. आणि ती माणसं बहुतेकदा भाऊ-भाऊ, मामा-भाचे असतात, कारण काम घराण्यातूनच आलेलं असतं.

डिसेंबर 2019 मध्ये मुंबईत गोवंडीला एका खासगी इमारतीचा टँक साफ करताना तीन कामगार असेच गुदमरून मेले. त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं, तेव्हा कुठे 2021 मध्ये प्रत्येकी 10 लाख रुपये देण्याचा आदेश निघाला. 'खासगी इमारत' हे शब्द पुन्हा वाचा. महानगरपालिका नाही, कंत्राटदारांची साखळी नाही. तुमच्या-आमच्यासारखी घरं.

ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईतले एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. सगळं शहर हळहळलं, आम्हीही हळहळलो. कोर्टात प्रश्न गेला, मॅनहोलखाली जाळ्या बसवण्याची चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण चुकून गटारात पडलेल्या माणसासाठी जी व्यवस्था हलते, ती मुद्दाम गटारात उतरवलेल्या माणसासाठी का हलत नाही?

कायदा आहे. 2013 च्या कायद्याच्या कलम 7 नुसार कोणत्याही व्यक्तीला, स्थानिक संस्थेला किंवा एजन्सीला, थेट किंवा आडमार्गाने, गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावता येत नाही. 'कोणत्याही व्यक्तीला' यात सोसायटीचा चेअरमन आला, बंगल्याचा मालक आला, आणि बुद्धविहाराचा ट्रस्टीही आला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 रोजी 1993 पासूनच्या गटारमृत्यूंसाठी 10 लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख केली. 30 लाख ही माणसाची किंमत आहे असं आम्हाला मुळीच वाटत नाही. पण जिथे माणुसकीची भाषा कळत नाही तिथे हा आकडा जरूर ऐकवा. आम्ही ऐकवतो. एका सोसायटीचे सेक्रेटरी आम्हाला म्हणाले होते, "अहो सर, सक्शनची गाडी चौपट पैसे मागते, हा पोरगा बादलीने काढतो आणि चहापाण्यावर खूश असतो." आम्ही कलम 7 ची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या आठवड्यात गाडी आली.

आता आपल्या घरातलं बोलू. एका शिबिरात एका तरुणाने आम्हाला सरळ विचारलं, "दादा, बाबासाहेबांनी घाणीची कामं सोडा म्हणून सांगितलं, आणि तुम्ही आम्हाला परत गटाराकडे वळवताय?" प्रश्न रास्त आहे आणि त्यामागचा संतापही रास्त आहे. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, गावची लाचार कामं सोडा, असं बजावलं. आपल्या आजोबा-पणजोबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं आणि त्यासाठी गावोगावी बहिष्कार सोसले. ती लढाई दुसऱ्याची घाण जन्मामुळे आपल्या माथी मारली जाते याविरुद्ध होती. आपली स्वतःची घाण आपण सांभाळायची नाही, असा तिचा अर्थ कुणी काढत असेल तर तो सनातनी घरातलाच अर्थ झाला. त्याच महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना घर आणि राहणी स्वच्छ ठेवायला सांगितलं, तेव्हा ते स्वाभिमानाबद्दलच बोलत होते.

पण प्रश्न त्या तरुणाने जिथे संपवला तिथून पुढे जातो. आपली शिकलेली पिढी वस्तीतून फ्लॅटमध्ये आली. चांगलं झालं. तिथे चेंबर भरल्यावर आपण कुणाला बोलावतो? वाल्मिकी, मेघवाळ, रुखी, मातंग, आणि कित्येकदा बेकार फिरणारा आपलाच बौद्ध पोरगा. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती अशीच चालते. प्रत्येकाला आपल्या खालचा कुणीतरी सापडतो आणि उतरंड हलत नाही. (लाड-पागे समितीच्या वारसा हक्काच्या नोकऱ्यांवर इथे बोलायला हवं खरं. पोटाची सुरक्षितता आणि जन्माची साखळी तिथे एकत्र बांधली गेली आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

दुसऱ्या बाजूला 'सेवा'वाले आहेत. गांधीजींनी 1936 मध्ये 'हरिजन'मधून आदर्श भंगी कसा असावा हे लिहिलं. बाबासाहेबांनी 1945 च्या ग्रंथात त्या सगळ्या गौरवाला उत्तर दिलं: इथे माणूस कामामुळे भंगी होत नाही, जन्मामुळे होतो, मग तो ते काम करो वा न करो. आजही 2 ऑक्टोबरला आधीच झाडलेल्या रस्त्यावर नवा झाडू घेऊन फोटो निघतात. चेंबरचं झाकण उघडून फोटो काढलेला एखादा नेता कुणी पाहिला असेल तर आम्हाला कळवा.

गावाकडे तर घाणीचा विटाळ थेट बांधकामात उतरलाय. शौचालयासाठी दोन शोषखड्ड्यांची पद्धत सरकारनेच सुचवली. एक भरला की दुसरा सुरू करायचा, पहिल्यातल्या मैल्याचं वर्ष-दोन वर्षांत मातीसारखं खत होतं आणि घरचा माणूस फावड्याने ते काढू शकतो. पण लोक काय बांधतात? आपल्या हयातीत भरणार नाही एवढा मोठा टँक. डायेन कॉफी आणि डीन स्पीयर्स यांनी 2017 च्या पुस्तकात उत्तर भारतातल्या गावांबद्दल हेच दाखवलं आहे की खड्डा उपसायची कल्पना जातीशी जोडलेली असल्याने लोक एक तर शौचालय वापरत नाहीत, नाही तर अवाढव्य खड्डा मागतात. आमच्या पाहण्यातली गावं फार वेगळी नाहीत.

आणि आपल्याकडे तर आदर्श घरातच आहे. तथागतांनी सुनीत नावाच्या सफाई करणाऱ्याला संघात घेतलं, ही कथा आपण विहारात अभिमानाने सांगतो. त्याच्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. विनयपिटकात शौचकूपाबद्दल बारीकसारीक नियम आहेत, आणि त्यातला एक असा की ज्या भिक्खूला ते घाण दिसेल त्याने ते धुवावं. तो ब्राह्मण कुळातून आलेला असो की आणखी कुठल्या. संघात सुनीत होता म्हणून ते काम सुनीतकडे गेलं नाही.

वस्तीत उघड्या गटाराशेजारी राहणाऱ्यांना आम्ही स्वच्छतेचे धडे देत नाही. तिथे लाइनच नाही, कचऱ्याची गाडी येत नाही, आठ फुटी गल्लीत सक्शनची गाडी शिरत नाही. तिथे भांडण महानगरपालिकेशी आहे आणि ते लेखी करायचं: वॉर्ड ऑफिसला अर्ज, पोच, स्मरणपत्र. तोंडी तक्रारीला उत्तर म्हणून एखादा कंत्राटी पोरगा काठी घेऊन पाठवला जातो. त्याला उतरू देऊ नका, चहा पाजा आणि परत पाठवा. 14420 ही हेल्पलाइन याच कामासाठी आहे, तिथे फोन लावा.

फ्लॅटवाल्यांना मात्र सबब नाही. सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी, भरून वाहायच्या आधी, मशीनने उपसायचा असतो. वाई आणि सिन्नरसारख्या आपल्याच लहान नगरपालिकांनी तीन वर्षांच्या पाळीने घरोघरचे टँक रिकामे करण्याची पद्धत बसवली. तेव्हा हे महागडं, परदेशी खूळ आहे असं कुणी सांगू नये. चेंबरांचा नकाशा काढा, फरशीखालची झाकणं मोकळी करा, मोऱ्यांना जाळ्या बसवा, तेल बाटलीत भरून कचऱ्यात द्या. सहकारी सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. कोणत्याही कारणाने माणूस चेंबरमध्ये किंवा टँकमध्ये उतरवला जाणार नाही आणि मशीनचा खर्च बजेटमध्ये धरला जाईल, असा ठराव तिथे मांडा. सेक्रेटरी तो 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात ढकलायला बघतील, म्हणजे चहा-समोसे आल्यावर. आत्ताच लेखी द्या, पोच घ्या, विषयपत्रिकेवर नंबर टाकून घ्या.

जय भीम!