यादी कोणी करावी?

घरे, गावे आणि शहरे यांची आखणी यापुढे संगणक करील, असे हल्ली मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. या विद्येच्या अगदी आरंभीच्या एका प्रयोगाचा विषय भारतीय खेडे होता, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. घरकुलाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संग्रामपूरसारख्या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी हा इतिहास समजून घेण्याजोगा आहे.

ख्रिस्तोफर अलेक्झांडर (1936–2022) हा मूळचा गणिती. पुढे त्याने हार्वर्ड विद्यापीठात वास्तुशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. 1960 नंतरच्या काळात तो गुजरातेतील एका खेड्यात राहिला आणि सुमारे सहाशे वस्तीच्या शेतकरी खेड्याच्या 141 गरजांची त्याने यादी केली. काही गरजा गावकऱ्यांनी बोलून दाखविलेल्या, काही सरकारच्या विकासधोरणातून आलेल्या, तर काही रूढीने आधीच भागविलेल्या होत्या. कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतलेली आहे हे त्याने टिपले आणि ते जाळे उलगडण्याचे काम आयबीएम 7090 या संगणकाकडे सोपविले. गुरे, गाड्या व जळण, शेती व पाणी, सार्वजनिक जीवन आणि खाजगी जीवन असे चार विभाग व त्यांचे बारा पोटगट पडले. प्रत्येक गटासाठी त्याने एक आकृती काढली. 1964 साली हे सारे ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ या ग्रंथात प्रसिद्ध झाले.

त्या यादीतील पहिलीच नोंद अशी आहे की, हरिजन विटाळाचे मानले जातात. एका जातीच्या लोकांना एकत्र व इतरांपासून वेगळे राहणे आवडते, अशीही नोंद पुढे येते. आणि त्याच यादीत अस्पृश्यतानिवारण ही गरजही आहे! अलेक्झांडरने पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले, याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. परंतु विटाळ आणि विटाळाचे निर्मूलन या दोन्ही बाबी यंत्राच्या दृष्टीने सारख्याच. त्यांचा परस्परसंबंध आहे एवढेच ते मोजू शकते. त्यांपैकी कोणती राहावी आणि कोणती जावी, हा निर्णय गणिताचा नव्हे. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर तो निर्णय माणसांनी केला.

अलेक्झांडरची पुढील वाटचाल याहून बोधप्रद आहे. ज्या पद्धतीने त्याला कीर्ती मिळाली, त्या पद्धतीपासून तो काही वर्षांतच दूर गेला. 1977 साली सहकाऱ्यांसह लिहिलेल्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’ या ग्रंथात त्याने सामान्य माणसाला स्वतःचे घर आखता येईल अशी सूत्रे मांडली. त्याच सुमारास मेक्सिकोतील मेहिकाली येथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांनी त्याच्या साहाय्याने आपापली घरे स्वतः आखली आणि बांधली. घरे मोजकीच झाली, पण प्रत्येक घर निराळे झाले. यादी करण्याचा अधिकार तज्ज्ञाच्या हातून रहिवाशाच्या हाती गेला, हे या वाटचालीचे सार होय.

आता आपल्याकडे वळू. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग 2016 साली सुरू झाला. घर किमान 25 चौरस मीटरचे आणि सपाट प्रदेशात साहाय्य 1 लाख 20 हजार रुपये, असे ठरले. बांधकामाची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून चढतात, त्यावर हप्ता सुटतो. हिशेब चोख राहावा म्हणून हे आवश्यकच आहे. परंतु ज्याच्या घरी मोटारसायकल, तो आपोआप अपात्र, अशी अटही या यादीत कित्येक वर्षे होती. जिथे वेळेवर एस.टी. मिळत नाही तिथे जुनी दुचाकी ही मजुराची चैन नसते, हे कळून 2024 मध्ये ती अट काढण्यात आली. तोवर संगणकाने आपले काम अचूक केले. चूक यादीची होती.

संग्रामपूरच्या उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस पूर्णा. पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यात भूजल क्षारयुक्त, आणि मूत्रपिंडाच्या विकारांचे दुःख या तालुक्याने पुष्कळ सोसले आहे. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया तडकतो. खारे पाणी काँक्रीटमध्ये मिसळले तर आतली सळई गंजते. पावसाचे पाणी साठविण्याची टाकी, बांधकामाला गोडे पाणी, खोल पाया, वेचलेला कापूस ठेवायला कोरडी जागा, शेळ्यांना आडोसा: या गरजा येथील कोणतीही शेतमजूर स्त्री घडाघडा सांगेल. तिला विचारणारे कोणी हवे.

म्हणून संगणकाला विरोध करणे हे आपले काम नव्हे, आणि त्याच्या अचूकपणाने दिपून जाणेही नव्हे. ग्रामसभेत लाभार्थ्यांची नावे वाचली जातात, तशी गरजांची यादीही वाचली गेली पाहिजे. ती दलितवस्तीत बसून, स्त्रियांना बोलते करून तयार झाली पाहिजे, आणि अभियंत्याच्या आराखड्याला जोडली गेली पाहिजे. तेवढे झाल्यावर आकडेमोड यंत्राने खुशाल करावी.