पाठीवरचा वारा

गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिक विमान उडवतात ते शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर. वारा मागून असला की धाव लांबते. पंखाला जमिनीवरच्या वेगाशी कर्तव्य नसते. अंगावरून हवा किती जोरात जाते, एवढेच तो जाणतो. आपल्या धानाच्या बांध्यांतून उठणाऱ्या सारसालाही आधी पळावे लागते ते याचसाठी.

शिडाच्या नावेचा विषय निघाला, की मात्र हे सगळे आपण विसरतो. ‘मागून वारा लागला, आता काय, नाव सुसाट!’ शाळेतही बहुधा एवढ्यावरच भागते.

हे अर्धेच खरे. नेमक्या मागून येणाऱ्या वाऱ्यात आडवे पसरलेले शीड हा निव्वळ अडथळा असतो. वाऱ्याकडच्या बाजूला हवा दाबली जाते, पलीकडे भोवरे उठतात आणि दाबातल्या फरकाने नाव रेटली जाते. पण नाव पळू लागली की शिडाला जाणवणारा वारा मंदावतो. वारा ताशी 20 किलोमीटर आणि नाव 8, तर शिडाच्या वाट्याला 12. जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून तो सुरुवातीच्या 36 टक्क्यांवर येतो. अशी नाव वाऱ्याला मागे टाकू शकत नाही.

म्हणून जाणता दर्यावर्दी नाक थोडे तिरपे करतो. आता हवा शिडाच्या बाकावरून घसरत जाते, शिडाचा पंख होतो आणि ढकलण्यात ओढही मिसळते. वाऱ्याच्या दिशेपासून 30 अंश वळून नागमोडी गेले तर अंतर सुमारे 15 टक्क्यांनी वाढते. वेग त्याहून जास्त वाढला की लांबची वाट आधी पोचवते. बर्फावरच्या शिडाच्या गाड्या तर अशा नागमोडी धावेत वाऱ्याच्याही आधी मुक्काम गाठतात.

शिडाची नाव हाकणे हे फक्त परदेशी शौकिनांचे खूळ नव्हे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली 56 फुटी ‘म्हादई’ घेऊन दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघाले आणि 19 मे 2010 रोजी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. अशा प्रवासात दक्षिण महासागरातून पूर्वेकडे जाताना पश्चिमी वारे पाठीशी असतात. पण तिथे पाठीशी वारा म्हणजे आराम नव्हे: नाव दोन्ही कुशींवर लोळते, आणि सुकाणू जरा चुकले तर शिडाची आडवी दांडी झटक्यात दुसऱ्या बाजूला फिरते.

गोंदियाला समुद्र नसल्याची सबब नको. नवेगावबांधच्या पाण्यात पक्ष्यांना त्रास देत नावा सोडायचीही गरज नाही. विज्ञानशिक्षकांना एवढीच विनंती: यंदाच्या प्रदर्शनात ज्वालामुखीला रजा द्या. खेळण्यातल्या चारचाकी गाडीवर पुठ्ठ्याचे शीड तिरपे बसवा, टेबलफॅन मागून न लावता बाजूने लावा, आणि गाडी पुढे का पळते ते पोरांनाच विचारा.