अहवालाची लेखणी कोणाच्या हाती?

अहवाल लिहिला जातो तेव्हा निम्मा निर्णय होऊन गेलेला असतो. उरलेला निम्मा निर्णय सभागृहात हात वर करून होतो आणि सर्वांच्या दृष्टीस पडतो. पहिला मात्र लेखक कोण, त्याला कोणी नेमले आणि कोणता प्रश्न त्याच्या पुढ्यात ठेवला, या तीन गोष्टींत दडलेला असतो. आफ्रिकेच्या प्रादेशिक आर्थिक एकात्मतेवर अहवाल सिद्ध करण्यासाठी प्रमुख सल्लागार नेमणे आहे, अशा जाहिराती आंतरराष्ट्रीय संस्था वेळोवेळी काढतात. पदव्या, अनुभवाची वर्षे, इंग्रजी-फ्रेंचचे ज्ञान एवढीच भाषा त्यांत असते. पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या कष्टकऱ्याचा या व्यवहाराशी काही संबंध नाही, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः तो संबंध फार निकटचा आहे.

पूर्व आफ्रिकेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. केनिया, युगांडा व टांगानिका या तीन प्रदेशांची समाईक बाजारपेठ ब्रिटिश अमदानीतच उभी राहिली होती. तिचा लाभ नैरोबीच्या कारखानदारीला अधिक मिळे, ही इतर दोघांची तक्रार. तिची चौकशी करून १९६१ साली अहवाल देणाऱ्या आयोगाचे प्रमुख होते सर जेरेमी रेझमन. हे गृहस्थ भारताला अपरिचित नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात अर्थखाते त्यांच्याकडेच होते. एका वसाहतीचा खजिना सांभाळलेल्या अधिकाऱ्याने दुसऱ्या वसाहतींच्या वाटणीचे सूत्र ठरवावे, हा साम्राज्याचा रिवाजच होता.

स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्ये पुन्हा एक आयोग बसला. त्याचे अध्यक्षही परकीयच, डेन्मार्कचे अर्थशास्त्रज्ञ केल्ड फिलिप. परंतु या वेळी फरक होता. आयोग तिन्ही स्वतंत्र सरकारांनी आपण होऊन नेमला होता, त्यांचे मंत्री त्यात सदस्य म्हणून बसले होते, आणि वाटणीतला अन्याय दूर कसा करावा हा प्रश्न त्यांनीच घातला होता. त्या विचारविनिमयातून १९६७ चा करार झाला आणि पूर्व आफ्रिकी समुदाय जन्मास आला. मुख्य कचेरी आरुशाला, रेल्वेची नैरोबीला, बंदरांची दार-ए-सलामला, टपाल-तार खात्याची कंपालाला, अशी वाटणी झाली. मागे पडलेल्या भागीदाराला आपल्या उद्योगांना काही काळ संरक्षण देण्याची मुभा मिळाली. दहा वर्षांत, १९७७ साली, तो समुदाय मोडला. लाभाच्या वाटणीचा तंटा मिटला नव्हता. टांझानिया समाजवादाच्या वाटेने, केनिया भांडवलशाहीच्या वाटेने चालला होता. त्यातच १९७१ मध्ये इदी अमीनने युगांडात सत्ता बळकावली आणि न्येरेरे यांनी त्याच्यासमवेत बसण्यास नकार दिला. उत्तम अहवालही राजकारणाची जागा घेऊ शकत नाही, हा यातला धडा. १९९९ मध्ये नवा करार करून त्या देशांना तेच काम पुन्हा हाती घ्यावे लागले.

लेखणी बदलली की निदान कसे बदलते हे पाहावयाचे असेल, तर १९८० आणि १९८१ ही दोन वर्षे शेजारी ठेवावीत. एप्रिल १९८० मध्ये आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी लागोसची कृतियोजना स्वीकारली. तिच्यामागे संयुक्त राष्ट्रांच्या आफ्रिका आर्थिक आयोगाचे नायजेरियन प्रमुख अडेबायो अडेडेजी यांची दृष्टी होती. आफ्रिकेचे दैन्य वसाहतकाळापासून चालत आलेल्या परावलंबी रचनेत आहे. म्हणून परस्परांत व्यापार वाढवा, स्वावलंबी व्हा, २००० सालापर्यंत समाईक बाजारपेठ उभारा, हा तिचा आशय. पुढच्याच वर्षी जागतिक बँकेचा अहवाल आला. आफ्रिकी सदस्यांनीच १९७९ मध्ये बँकेकडे अभ्यासाची मागणी केली होती. बँकेने तो अमेरिकन प्राध्यापक एलियट बर्ग यांच्याकडे सोपविला. त्यात मुख्य दोष आफ्रिकी सरकारांच्या धोरणांवर ठेवण्यात आला. चलनाचे दर फुगवलेले, सरकारी खरेदी मंडळे शेतकऱ्याला लुबाडणारी. सबब बाजार मोकळा करा आणि निर्यातीची पिके वाढवा. खंड तोच, दैन्य तेच; प्रश्न विचारणारा बदलला आणि उत्तर फिरले.

बर्ग यांची सर्वच निरीक्षणे खोटी होती असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सरकारी मंडळांनी शेतकऱ्याची पिळवणूक केली, हे अनेक देशांत घडले. परंतु दोन अहवालांपैकी कोणता अमलात आला? ज्याच्यामागे कर्जाची थैली होती तो. ऐंशीच्या दशकात कर्जबाजारी देशांपुढे बँकेच्या व नाणेनिधीच्या अटी आल्या, आणि लागोसची योजना कपाटात गेली. अडेडेजींच्या आयोगाने १९८९ मध्ये पर्यायी आराखडा पुन्हा मांडला. त्याच्याही मागे पैसा नव्हता. तात्पर्य, लेखणी आपली असून भागत नाही, शाईसुद्धा आपली असावी लागते.

आफ्रिकी संघाला हे उमगलेले दिसते. २०१६ च्या किगाली परिषदेत पात्र आयातीवर ०.२ टक्के आकार बसवून संघाचा खर्च स्वतः उचलण्याचा ठराव झाला, जरी अनेक देशांनी तो अद्याप पुरतेपणी पाळलेला नाही. २०१८ मध्ये त्याच किगालीत खंडव्यापी मुक्त व्यापार क्षेत्राचा करार झाला, २०१९ मध्ये तो अमलात आला. तथापि त्या क्षेत्रासंबंधीच्या कितीतरी अभ्यासांचा खर्च आजही युरोपीय संघासारखे दाते उचलतात.

आता पुण्याकडे वळावे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने स्मार्ट सिटी योजनेची स्पर्धा लावली. प्रस्ताव तयार करण्यासाठी शहरांना प्रत्येकी दोन कोटी रुपये देऊ केले आणि सल्लागार संस्थांची यादीही पुरविली. पुणे महापालिकेने मॅकिन्सी या बहुराष्ट्रीय कंपनीचे साहाय्य घेतले. नागरिकांच्या सूचना मोठ्या प्रमाणावर मागविल्या गेल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या प्रस्तावाचा पहिला वाचक पुणेकर नव्हता. दिल्लीत गुण देणारा परीक्षक होता. जानेवारी २०१६ मध्ये पुण्याचा क्रमांक देशात दुसरा आला. क्षेत्रविकासासाठी निवड झाली ती औंध-बाणेर-बालेवाडीची, म्हणजे आधीच भरभराटीला आलेल्या पश्चिमेची. विश्रांतवाडी, फुलेनगर, कळस, धानोरी हा ईशान्येचा पट्टा त्या चौकटीबाहेर राहिला. सल्लागाराने फसविले असे येथे म्हणणे नाही. स्पर्धा कशी जिंकावी, असा प्रश्न त्याला घातला होता. त्याने त्याचे चोख उत्तर दिले. कोणत्या वस्तीला पाण्याची, दवाखान्याची, बसची गरज सर्वाधिक आहे, हा प्रश्न त्याला कोणी घातलाच नव्हता.

याच शहरात निराळी परंपराही आहे. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली आणि १९४५ व १९५२ मध्ये तिचे दोन भाग प्रसिद्ध झाले. घरोघर जाऊन कुटुंबांचे उत्पन्न, धंदे आणि घरभाडे यांची नोंद करणारे ते काम होते. स्पर्धेतल्या गुणांसाठी ते झाले नव्हते.

तज्ज्ञ नकोत, असा निष्कर्ष यातून काढणे हा आत्मघात ठरेल. परका माणूस वाईट आणि आपला चांगला, हेही खरे नव्हे. फिलिप परके असून उपयोगी पडले. उलट, नैरोबीचा वा पुण्याचा सल्लागारही आपल्याच शहरातील धनिकांची तळी उचलू शकतो. कसोटी जन्मभूमीची नसून उत्तरदायित्वाची आहे. त्यासाठी मागण्या स्पष्ट हव्यात. सल्लागाराच्या नेमणुकीच्या अटी आणि त्याला घातलेले प्रश्न नेमणुकीपूर्वी मराठीत प्रसिद्ध व्हावेत. त्याचे मानधन कोण देतो हे अहवालाच्या पहिल्या पानावर छापले जावे. मसुद्यावर वस्त्यावस्त्यांत सुनावणी व्हावी आणि भिन्नमत अहवालाला जोडलेच जावे.

ऑगस्ट २०१५ मध्ये संगमवाडी ते विश्रांतवाडी हा जलद बसमार्ग सुरू झाला. रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत म्हातारे माणूस कसे पोहोचते, पहाटेच्या पाळीला बस मिळते की नाही, याचे ज्ञान तेथील प्रवाशांजवळ होते. ते गोळा करून लेखी मांडणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. अहवाल प्रसिद्ध झाल्यावर त्याची होळी करणे सोपे. तो लिहिला जाण्यापूर्वी त्यातला प्रश्न बदलून घेणे कष्टाचे. लागोसच्या राष्ट्रप्रमुखांनी स्वतःचा प्रश्न स्वतः मांडला होता, पण त्यांच्या पाठीशी संघटित जनता उभी नव्हती. ती उणीव विश्रांतवाडीत तरी राहू नये.