शौचातून रक्त : निदान भिंतीवरच्या जाहिरातीनं करायचं का?

१. एसटी स्टँडची भिंत, रेल्वे फाटकाजवळचा खांब, सार्वजनिक मुतारीचं दार, कुठंही पाहा. ‘मूळव्याध, भगंदर, फिशर : ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज’ ही पाटी हमखास दिसते. शौचातून रक्त पडलं की आपल्याकडचा माणूस लाजेपोटी घरात बोलत नाही, तो थेट या पाटीवरचा नंबर फिरवतो. पुष्कळदा असते मूळव्याधच. पण रक्ताबरोबर आव पडत असेल, दिवसातून आठ-दहा वेळा ऊठबस होत असेल, रात्री झोपेतून उठून धावावं लागत असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर अल्सरेटिव्ह कोलायटिसचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला येणाऱ्या सुजेचा, संशय घ्यायलाच हवा. पंधरा ते चाळीस या वयात हा आजार अधिक सुरू होतो. म्हणजे कॉलेज, नोकरी, लग्न, बाळंतपण यांच्या ऐन मध्यावर.

२. हा आजार वाढतो कसा, ते रुग्णाला कुणी नीट सांगत नाही. सुरुवात बहुतेक वेळा गुदाशयात होते. तिथून सूज वरवर, मध्ये जागा न सोडता, मोठ्या आतड्यात चढत जाते. क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहक आजारात ती तुकड्या-तुकड्यांनी आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जाते. कोलायटिसमध्ये ती मुख्यतः आतल्या अस्तरापुरती राहते. दुर्बिणीतून निरोगी अस्तर गुलाबी, चकचकीत दिसतं, खालच्या रक्तवाहिन्यांची नक्षी स्पष्ट दिसते. कोलायटिसमध्ये ही नक्षी पुसली जाते, अस्तर लालभडक होतं, नळीचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त येतं. औषधानं ते शांत होतं आणि पुन्हा केव्हातरी उसळतं. काहींचा आजार गुदाशयापुरताच राहतो, काहींचा काही वर्षांत पूर्ण मोठं आतडं व्यापतो. सूज अशी पसरलेली असेल तर साधारण आठ वर्षांनंतर कर्करोगासाठी ठरावीक काळानं दुर्बिणीची तपासणी करावी लागते. पहिली पाच वर्षं मूळव्याधीच्या मलमात घालवलेल्या माणसाला हा हिशेब कसा जमावा?

३. ‘बाहेरचं खातोस, जागरणं करतोस, टेन्शन घेतोस, म्हणून झालं.’ हे वाक्य ऐकलं नाही असा रुग्ण विरळा. तिखटानं किंवा चिंतेनं त्रास वाढू शकतो, पण आजार त्यांनी पैदा केलेला नसतो. आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना सांभाळून घेते. हा समेट बिघडला की तीच यंत्रणा आपल्या अस्तरावर उठते. आतड्याच्या अशा दाहाशी संबंध असलेल्या दोनशेहून अधिक जागा जनुकांमध्ये सापडल्या आहेत. तरीही एकाच घरातल्या भावंडांपैकी बहुतेकांना काही होत नाही. जनुकांना परिस्थितीची जोड मिळावी लागते. इंग्लंडमधल्या लेस्टर भागात स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत या आजाराचं प्रमाण तिथल्या गोऱ्यांपेक्षा जास्त आढळलं. माणसं तीच, राहणी बदलली. सिगारेट सोडल्यावर हा आजार उद्‌भवण्याचा धोका काहीसा वाढतो, हेही खरं आहे (म्हणून कुणी बिडी पेटवू नये, फुप्फुसं आणि हृदय ती किंमत मोजतात). एकट्या रुग्णाला दोष देण्याइतकं सरळ यात काहीच नाही.

४. ‘हा गोऱ्या लोकांचा आजार’ असंही म्हटलं जायचं. पंजाबात 1999 साली पन्नास हजारांवर लोकांची पाहणी झाली, तेव्हा लाखामागे 44 रुग्ण सापडले. म्हणजे ताप-खोकल्याइतका सामान्य नसला, तरी तालुक्याच्या डॉक्टरला माहीत हवा इतका तरी आहेच.

५. उलट बाजूचा धोकाही आहे. आपल्याकडे अमिबाचा अतिसार आणि आतड्याचा क्षयरोग अजून आहेत. अमिबाचा संसर्ग न तपासता कोलायटिस समजून स्टिरॉइड दिलं, तर आतडं फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून शौचाची तपासणी, दुर्बीण आणि अस्तराचा तुकडा काढून बायोप्सी, ही साखळी जिल्हा रुग्णालयात मिळालीच पाहिजे. आज गावाकडच्या रुग्णाला त्यासाठी पुण्या-मुंबईचा रस्ता धरावा लागतो.

६. निदान झालं तरी उरतो तो संडासाचा प्रश्न. ज्याला कळ आल्यावर दोन मिनिटंही थांबता येत नाही, तो एसटीचा लांबचा प्रवास कसा करणार? स्टँडवरच्या संडासाची कडी तुटलेली, आत पाणी नाही, बाहेर सुट्या पैशांवरून वाद. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं 2005 साली कायदा केला : अशा रुग्णाला दुकानदारानं कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह वापरू द्यायचं. आपल्याकडे निदान चालू स्थितीतली स्वच्छतागृहं आणि कंडक्टरला दाखवता येईल असं एखादं कार्ड, एवढं तरी जमावं.

७. जपाननं हा आजार दुर्धर आजारांच्या सरकारी यादीत घेतला, रुग्णांची नोंद ठेवली, खर्चाला हातभार लावला. त्यांचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी 2007 आणि 2020 मध्ये पद सोडलं ते याच आजाराच्या उसळीत, आणि दुसऱ्या वेळी त्यांनी ते देशाला उघड सांगितलं. आपली महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाचा विचार करते; कोलायटिसवाल्याचा खिसा मात्र रोजच्या गोळ्यांत रिकामा होतो. तेव्हा राज्यानं या आजाराची नोंदवही सुरू करावी, मेसालामीन आणि सल्फासॅलाझिन ही त्यावरची औषधं सरकारी रुग्णालयांत अखंड मिळतील असं पाहावं. आणि वाचकहो, महिनाभर रक्त आणि आव पडत असेल तर पाटीवरचा नंबर फिरवण्याआधी पोटविकारतज्ज्ञाला दाखवा.