शुद्धीवर आलेला माणूस

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की शिरोळच्या रस्त्यांवर अंधार पडल्यावरही ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग हटत नाही. मी इथल्या बँकेत अधिकारी असताना, मागे लाल दिवा नसलेल्या अशाच एका ट्रॉलीवर आमचा शिपाई सायकलसकट आदळला. क्षणभर शुद्ध गेली. मग उठून बसला, हसला, चहाही प्याला. "साहेब, कायसुदीक झालं न्हाई," म्हणाला. मीच त्याला म्हटले, "घरी जाऊन गुमान झोप." तो झोपला, पहाटे उठलाच नाही.

पुढे एका डॉक्टर मित्राने मला त्यातले मर्म समजावले. कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याला आतून चिकटून एक रोहिणी जाते. हाड तडकले की ती फाटते आणि कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. सुरुवातीला माणूस ठीक वाटतो. पण कवटी काही फुगत नाही. जागा संपली की मेंदू दाबला जातो. आवरणाच्या आतल्या बाजूला नीला तुटली, तर रक्त हळूहळूही साठते. म्हाताऱ्या माणसांत, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत, ते कित्येक आठवड्यांनी उघडकीस येते.

१९९८ साली ढाक्यात चेंडू लागल्यावर रमण लांबा आपल्या पायांनी मैदानाबाहेर गेला. तीन दिवसांनी तो वारला. उलट १९६२ साली बार्बाडोसमध्ये नरी कॉन्ट्रॅक्टरची कवटी फुटली, पण तातडीने शस्त्रक्रिया झाली. बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर यांच्याबरोबर प्रतिपक्षाचा कर्णधार वॉरेल यानेही रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले.

म्हणून डोक्याला जबर मार बसला आणि वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, एका हातापायाची शक्ती जाणे, लहानमोठ्या बाहुल्या, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, यांतले एकही दिसले, तर कांदा हुंगवत बसू नये. खायला-प्यायला देऊ नये. मान न हलवता १०८ ला फोन करावा आणि जिथे सीटी स्कॅन व मेंदूचा सर्जन आहे, तिथे न्यावे. शुद्ध हरपून परत आली असेल, तर माणूस कितीही हसत असला तरी डॉक्टरला दाखवावेच.

शिरोळहून मिरज काही लांब नाही. त्या रात्रीही लांब नव्हते.