बैलाला पोळा, मजुराला काय?

शेतें रिकामीं झालीं, कीं आमच्या साक्री तालुक्यांतील पुष्कळ तरुण कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूर, सोनगड, व्यारा या वाटेनें सुरतेस जातात. कोणी मुंबई-पुणें गांठतात. सुरतेच्या उधना-लिंबायत भागांत तर आपली अहिराणी बोली जागोजाग कानीं पडते. हे आमचे बांधव तेथें मागावर, बांधकामावर, दुकानांत, हॉटेलांत राबतात, हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्या मोठ्या शहरांत आठवड्यांतून एक दिवस तरी त्यांना निवांत बसावयास मिळतो काय, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. आज आम्ही तेंच विचारणार आहों.

“मजुराला सुटी कशाला? तो दारू पिईल, नाहीं तर लोळत पडेल,” असें म्हणणारे शहाणे पुष्कळ आहेत. त्यांना आमचा सवाल असा कीं, पांढरपेशी मंडळी मे महिन्यांत महाबळेश्वर-माथेरानास जातात त्याला हवापालट म्हणावयाचें. आणि साक्रीचा मजूर तापीच्या कांठीं किंवा डुमसच्या किनाऱ्यावर दोन घटका पाय पसरून बसला, तर त्याला आळस म्हणावयाचें, हा न्याय कोठला? थकवा दोघांचा सारखाच. खिसा तेवढा निराळा!

विसावा म्हणजे काय, हें आमच्या कुणब्याला कोणी शिकवावयास नको. पोळ्याच्या दिवशीं तो बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं. त्याला न्हाऊ घालतो, पुरणपोळीचा घांस देतो. आमच्या खानदेशांत सालदाराचें साल आखाजीस संपतें आणि नवें ठरतें. सासुरवाशिणी माहेरीं येतात, झाडाझाडाला झोके टांगले जातात. ऐन वैशाखाच्या उन्हांत राबत्या माणसाला थोडी सांवली मिळावी, अशी ही सोय जुन्या लोकांनीं केली. पण शहरांतील यंत्राला पोळा ठाऊक नाहीं आणि आखाजीही ठाऊक नाहीं. तेथें सुटी भांडूनच मिळवावी लागते.

ती कशी मिळाली, हें प्रत्येक मजुरानें पाठ करून ठेवावें. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. जोतीरावांचे अनुयायी व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज केला. मागणें काय होतें? रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, दिवस मावळतां काम बंद आणि पगार वेळेवर. त्यानंतर सहा वर्षें झगडावें लागलें. २४ एप्रिल १८९० रोजीं, भर उन्हाळ्यांत, महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले, आणि दोन स्त्रियाही तेथें बोलावयास उभ्या राहिल्या. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी कबूल केली. आज मोठा साहेब रविवारीं उशिरां उठतो, तो या गिरणीकामगारांच्या पुण्याईवर! त्याला त्यांचीं नांवेंही ठाऊक नसतात.

मग त्याच मजुराच्या नातवंडांपतवंडांची आज काय दशा आहे? आठवड्यांत एक दिवस विसावा आणि त्या दिवसाचा मोबदला, यांची तरतूद १९४८ च्या किमान वेतन कायद्यांत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या वेतनसंहितेंतही ती आहे. पण नाक्यावर उभ्या राहणाऱ्याला ती कोण देतो? महाराष्ट्रानें २०१७ सालीं दुकानांचा नवा कायदा केला, तेव्हां दहाहून कमी नोकरांचीं दुकानें त्यांतील सुटीच्या कलमाबाहेर राहिलीं. आणि आमचीं पोरें बहुधा अशाच लहान दुकानांत असतात! ज्या सुटीला पगार नाहीं, ती सुटी नव्हे, तो उपास आहे.

त्यांतून एखादा मन घट्ट करून मुलांना घेऊन राणीच्या बागेंत निघाला, तर २०१७ सालीं तेथील मोठ्या माणसाचा दर पांच रुपयांवरून पन्नास झाला. म्हणजे रोज बुडाला तो बुडालाच, वर फाटकावर दंड! एकोणिसाव्या शतकापासून जी बाग गिरणगांवाच्या कुशींत आहे, तिची सांवली गरिबाला महाग व्हावी काय? नगरपालिकांनीं बागा, किनारे, सांवली आणि प्यावयाचें पाणी मजुराला फुकट ठेविलें पाहिजे.

साक्रीकर बांधवांनो, मुकादमाची उचल घेण्यापूर्वीं एक गोष्ट विचारीत जा: सात दिवसांत पगारी सुटीचा दिवस कोणता? एकट्यानें विचाराल तर तो हंसेल. गांवच्या वीसजणांनीं मिळून विचारा. आणि सुटी मिळाली म्हणजे घरांतील बाईला विसरूं नका. तुम्ही खाटेवर पडून रहाल आणि ती चुलीपुढें भाजत बसेल, तर तिचे मालक तुम्हीच ठराल. त्या दिवशीं तिलाही समुद्राचा वारा लागूं द्या.

बैल मुका आहे, तरी त्याला वर्षांतून एक दिवस मिळाला. तुम्हांला तर वाचा आहे; मग गप्प कां?