छताचा पंखा पुरेसा नाही

आपल्या घरचा कृत्रिम दगडाचा ओटा चकचकीत दिसतो. परंतु तो कापणाऱ्या कामगाराच्या छातीचा विचार आपण कितीसा करतो? संगमरवरात सिलिका अत्यल्प असते, ग्रॅनाइटमध्ये सुमारे ३० टक्के. कृत्रिम दगडात मात्र ती ९० टक्क्यांहूनही अधिक असू शकते. दगड कोरडा कापला की तिची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात खोल शिरून व्रण करते. या विकारास सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा करणारे औषध नाही. इस्रायलमधील डॉक्टरांनी १९९७ ते २०१० या काळातील अशा २५ रुग्णांची हकीगत २०१२ साली प्रसिद्ध केली. काहींना फुप्फुस बदलावे लागले. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या ओट्यांवर बंदीच घातली.

आमचे स्पष्ट मत असे की, केवळ हवा खेळती ठेवणे हा या धुळीचा बंदोबस्त नव्हे. छतातील पंखा धूळ विरळ करतो खरा, पण तत्पूर्वी ती सर्वांच्या श्वासातून फिरते. तिला जन्मस्थानीच पकडले पाहिजे. पात्यावर पाणी सोडावे आणि शोषक नळीचे तोंड कापण्याच्या जागेलगत ठेवावे. पंख्याचा झोत दूरवर जाणवतो, ओढ तशी नसते. नळीच्या व्यासाइतके अंतर पडताच तिचा वेग सुमारे एक दशांश उरतो. हातभर दूर टांगलेली नळी असून नसल्यासारखी. डोक्यावर टांगली, तर धूळ नाकावरूनच वर जाते.

यंत्र बसविले म्हणजे कर्तव्य संपले, असेही नाही. गाळणी तुंबते, नळीस भोक पडते, पट्टा सैल होतो. आवाज तसाच राहतो, ओढ मात्र नाहीशी होते. म्हणून ओढ ठरावीक मुदतीने मोजून वहीत नोंदवावी. सुकी धूळ झाडूने झाडू नये. मास्क हा शेवटचा आधार, पहिला नव्हे.

आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांच्या चुली या देशात कारखान्यांतील मजुरीवर पेटल्या. अशा कामावर जाणाऱ्या मुलांना वडीलधाऱ्यांनी एक प्रश्न विचारावयास शिकवावे: "ही ओढ शेवटची केव्हा मोजली?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि ओटा बसविणारा कारागीर आपल्या दारात दगड कोरडा कापू लागला, तर त्यास थांबवून पाण्याची बादली पुढे करावी.